भात शेवटी वाढा

(सावंगी (मेघे) येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



मी विषय कळवला तेव्हा संयोजकांचा लगेच फोन आला. "मॅडम, वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर भाकर किती खायची, यावर तुम्ही तासभर बोलणार?" मी म्हटलं, हो जी, त्यावरच बोलणार. स्मृतिव्याख्यानात मोठे विषय असावेत अशी आपली अपेक्षा असते. पण ज्या गावात रुग्णालयाला आचार्य विनोबा भावे यांचं नाव आहे आणि वर्धा ओलांडलं की सेवाग्राम लागतं, त्या गावात 'काय खावं, किती खावं' हा प्रश्न लहान समजला जाईल असं मला वाटत नाही. विनोबा आणि सेवाग्रामचे गांधीजी, या दोन्ही माणसांनी त्या प्रश्नावर आयुष्यभर डोकं खपवलं.

आधी ऑपरेशनबद्दल थोडं. लठ्ठपणावरचा गॅस्ट्रिक बायपास पहिल्यांदा अमेरिकेतल्या आयोवा इथे 1966 साली एडवर्ड मेसन यांनी केला. आपल्या विदर्भात या शस्त्रक्रियेची चर्चा घरोघर पोचली ती 2011 मध्ये, नितीन गडकरींनी ती करून घेतल्यावर. आज मुख्यतः दोन प्रकार चालतात. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी ठेवतात. 'बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण 30 मिलिलिटरची पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. 30 मिलिलिटर म्हणजे दोन मोठे चमचे. पुढे ती जागा थोडी सैलावते, तरी जेवण वाटीच्या हिशेबातच राहतं.

कुणाला करावं? 2022 मध्ये या क्षेत्रातल्या दोन मोठ्या संघटनांनी निकष बदलले. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 35 च्या वर असेल तर इतर आजार नसले तरी शस्त्रक्रियेची शिफारस, आणि आशियाई लोकांसाठी 27.5 पासूनच तिचा विचार. साडेपाच फुटांच्या आतबाहेरच्या, म्हणजे 165 सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी पहिला आकडा 95 किलोंच्या आसपास येतो, दुसरा 75 च्या. आपल्याकडे पोटावर चरबी लवकर साठते आणि मधुमेह कमी वजनातच गाठतो, म्हणून हा फरक. ऑपरेशन करावं की नाही, हा आजचा विषय नाही. ज्यांचं झालं आहे त्यांच्या ताटाचं बोलू.

त्यांच्या घरी दोन मतं असतात. एक मोबाइलवरून आलेलं: धान्य बंद, भाकर बंद, भाताकडे बघायचंसुद्धा नाही. दुसरं आजीचं: एवढं मोठं ऑपरेशन झालं, अंगात ताकद कशी येणार, मऊ भात खाऊ घाला. मला दोन्ही मतं मान्य नाहीत, पण आजीचं मत आधी तपासू, कारण स्वयंपाकघरात तिचंच चालतं.

शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. ती गेली नाहीत तर वजन उतरतं खरं, पण चरबीबरोबर स्नायूही झिजतात. केस गळतात, जिना चढताना मांड्या थरथरतात. आता 100 ग्रॅम शिजलेल्या भातात अडीच ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. म्हणजे नुसत्या भातातून 60 ग्रॅम मिळवायची तर दिवसाला जवळजवळ अडीच किलो भात लागेल. आणि जागा किती? अर्धी वाटी. आजीचा मऊ भात वाईट नाही, पण तो ती अर्धी वाटी भरून बसतो आणि वरणाला, अंड्याला, दह्याला दारातूनच परत पाठवतो. वरणही पातळ असलं तर ते बहुतेक पाणीच. तूर डाळीत 100 ग्रॅमला 22 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आहेत, पण ती कोरड्या डाळीत. चार माणसांच्या पातेल्यात मूठभर डाळ घालून लांबवलेलं वरण या हिशेबात धरताच येत नाही. म्हणून मी घरच्या बायांना सांगते, यांच्यासाठी वरण वेगळं काढा, घट्ट, घोटलेलं.

मग मोबाइलवाल्यांचं बरोबर म्हणायचं का? तेही नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढ माणसासाठी दिवसाला 130 ग्रॅम कर्बोदकांची शिफारस केली आहे, आणि मेंदूला लागणारी साखर हा त्या आकड्याचा पाया आहे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यांत एवढी जात नाहीत, जायची गरजही नसते. शरीर साठवलेली चरबी वापरत असतं. पण वर्ष-दीड वर्षानंतर, रोज कामावर जाणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसाने जन्मभर धान्य सोडायचं हा सल्ला टिकत नाही. तो मोडतो, आणि मोडताना भाकरीवर मोडत नाही, बिस्किटाच्या पुड्यावर मोडतो. माझ्यासमोर बसून 'मॅडम, मी पोळीला हातसुद्धा लावत नाही' असं अभिमानाने सांगणाऱ्या कित्येकांची पिशवी उघडली की आत टोस्ट आणि फरसाण निघतं.

हे फरसाण, चिवडा, बिस्किटं, मुरमुरे, वेफर्स ही सगळी एका जातीची खोड आहे. तोंडात विरघळतात, नव्या पोटातून चटकन खाली सरकतात, भरल्याची जाणीव देतच नाहीत. ज्याला अर्ध्या अंड्यानंतर 'बस' वाटतं तोच माणूस चहासोबत अख्खा पुडा संपवू शकतो. वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत खाली जातं आणि मग थोडं परत येतं, हे जगभर दिसलेलं आहे. पण थोड्याचं पुष्कळ करायला अशा खाण्याइतका हातभार कशाचाच लागत नाही. ऑपरेशन करणारा सर्जन जेवणाची जागा लहान करू शकतो. दिवसभराच्या तोंडचाळ्याला त्याच्याजवळ टाके नाहीत.

आता मुख्य गोष्ट. आपल्या पंगतीत पहिला वाढतात तो वरण-भात. मीठ, लिंबू, भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप, मग श्लोक आणि मग जेवण. ऑपरेशन झालेल्या माणसाने ही पंगत उलटी करायची. पहिले घास प्रथिनांचे: घट्ट वरण, मठाची उसळ, पाटवडी, अंडं, मासा, पनीर, दही, ज्याला जे चालेल ते. मग भाजी. डाळभाजी असेल तर ही दोन्ही कामं एकाच वाटीत होतात, आणि विदर्भाने या पदार्थाबद्दल स्वतःची पाठ थोपटून घ्यायला हरकत नाही. धान्य शेवटी, जागा उरली तर. भूक शमेपर्यंत भाताचे दोन-तीन घासच उरतात, आणि तेवढे पुरतात.

हा क्रम फक्त जागेसाठी नाही. न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेलमधल्या संशोधकांनी 2015 साली मधुमेह असलेल्या 11 जणांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. प्रथिनं आणि भाजी आधी, पाव आणि फळाचा रस नंतर, असं खाल्लं तेव्हा तासाभरानंतरची रक्तातली साखर सुमारे 37 टक्क्यांनी कमी निघाली. माणसं थोडी होती, ऑपरेशन झालेली नव्हती, तेव्हा त्या आकड्याची पोथी करू नये. पण दिशा स्पष्ट आहे आणि करून बघायला एक पैसा लागत नाही.

भाकर की पोळी, हा प्रश्न मला हमखास येतो. माझं मत ज्वारीच्या भाकरीकडे झुकतं, आणि ते माहेरच्या प्रेमापोटी नाही. गव्हाची मऊ पोळी आणि पाव नव्या पोटात लगदा होऊन गोळ्यासारखे अडकतात, छातीत दाटून येतं, तोंडाला पाणी सुटतं, शेवटी उलटी. ज्वारीत तो चिवट चिकटपणा नाही, भाकर चावली की सुटी होते. शिवाय 100 ग्रॅम ज्वारीत 10 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि तेवढाच चोथा. अर्थात पहिल्या दीड-दोन महिन्यांत नाही. आधी पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, आणि सहा-आठ आठवड्यांनंतर भाकरीचा चतकोर, वरणात कुस्करून. चून-भाकर असेल तर चून जास्त, भाकर कमी. प्रत्येक घास चावून चावून, आणि जेवणासोबत पाणी नाही. पाणी अर्धा तास आधी किंवा अर्ध्या तासानंतर, कारण घासावर पाणी ओतलं की घास धुऊन पुढे जातो आणि पुन्हा भूक उभी.

पण भाकर सांगणं सोपं, मिळणं अवघड. वर्धा जिल्ह्याच्या शिवारातून ज्वारी कधीच मागे हटली. कापूस होताच, सोयाबीन आलं. ज्वारीची राखण करायला माणूस नाही, पाखरं आणि रानडुकरं आहेत. रेशनवर वर्षानुवर्षं गहू आणि तांदूळच मिळाला. 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, फलक लागले, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या. आमच्याकडे येणाऱ्या मजूर बाईला मात्र ज्वारी विकतच घ्यावी लागते. तिला मी भाकरीचा आग्रह धरत नाही. रेशनचा तांदूळ असेल तर त्यात बरोबरीने मूगडाळ घाल, खिचडी घट्ट कर, आणि सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून, बारीक करून त्यात टाक, असं सांगते. 100 ग्रॅम वड्यांमध्ये 50 ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. 1935 मध्ये इथल्याच, वर्ध्यातल्या मगनवाडीच्या स्वयंपाकघरात गांधीजींनी सोयाबीनचे प्रयोग केले होते आणि 'हरिजन'मधून त्याची माहिती दिली होती. आज त्याच सोयाबीनचे ट्रॅक्टर वर्ध्याच्या रस्त्यांवरून बाजार समितीकडे जातात आणि त्यातला फार थोडा दाणा इथल्या चुलीवर शिजतो.

मगनवाडीचं नाव निघालंच आहे तर तिथून एक धागा घेते. 1934 च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. घाण्याचं तेल, जात्यावरचं पीठ, हातसडीचा तांदूळ आणि गूळ, या गोष्टींचा त्यांनी धरलेला आग्रह आपल्याला माहीत आहे. गिरणीच्या पांढऱ्याशुभ्र तांदळातून कोंड्याबरोबर जीवनसत्त्व जातं, असं ते सांगत. ते जीवनसत्त्व म्हणजे बी-1, थायमिन. त्याचा शोध लागला तोही तांदळामुळेच. जावा बेटावरच्या बटाव्हियात क्रिस्तियान आइकमन बेरीबेरीचा अभ्यास करत होते. लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पॉलिशचा भात खाऊन त्यांच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले. नवीन आचाऱ्याने लष्करी भात नागरी कोंबड्यांना द्यायला नकार दिला, त्यांना साधा, बिनपॉलिशचा तांदूळ मिळू लागला, आणि त्या बऱ्या झाल्या. आइकमन यांना 1929 मध्ये नोबेल मिळालं. त्या हट्टी आचाऱ्याचं नाव कुणी घेत नाही.

ही गोष्ट जुनी वाटते, पण लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर तीच बेरीबेरी परत भेटते. शरीरातला थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. ऑपरेशननंतर खाणं थोडं, त्यात कुणाला वारंवार उलट्या सुरू झाल्या, गोळ्या पोटात राहिल्या नाहीत, की साठा संपतो. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, डोळ्यांना दोन दिसणं, बोलण्यात असंबद्धता. आणि इथे कर्बोदकांचा सर्वांत धोक्याचा प्रसंग येतो. रुग्णाला अशक्तपणा आहे म्हणून घरचे गावातल्या दवाखान्यात नेतात, 'डॉक्टरसाहेब, एक बाटली लावून द्या' म्हणतात, आणि ग्लुकोजची बाटली लागते. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं. उरलंसुरलं थायमिनही त्या बाटलीत खर्च होतं, आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थायमिन आधी, ग्लुकोज त्याच्यानंतर, हा क्रम चुकवायचा नाही. सलाईनवर आपल्या गावांची जी श्रद्धा आहे तिच्यासमोर हे सांगणं कठीण जातं, तरी सांगावं लागतं. हातसडीच्या किंवा उकड्या तांदळात बी-1 जास्त असतं हे खरं, पण त्यामुळे ऑपरेशननंतरची गोळी चुकत नाही. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, सगळं जन्मभर चालू.

तांदळाच्या बाबतीत वर्ध्याचा आग्रह बरोबर ठरला. गुळाच्या बाबतीत मला वेगळं बोलावं लागेल, आणि तेही इथे सावंगीत. गूळ साखरेपेक्षा सात्त्विक आहे, लोह आहे, म्हणून रुग्ण चहात गूळ घालतात, सकाळी गूळ-पाणी घेतात. नव्या पोटाला गूळ आणि साखर यांत फरक कळत नाही. मधही तसाच. अल्सरमुळे विनोबा भूदानाच्या पदयात्रेत दूध-दही आणि मध असा मोजका आहार थोडा थोडा करून घेत. थोडा थोडा, हे माझ्या रुग्णांनी जरूर उचलावं. मध उचलू नये.

कारण असं. बायपासमध्ये जठराचं खालचं दार वाटेतच राहत नाही. गोड, पातळ पदार्थ सरळ आतड्यात कोसळतो, आतडं त्याच्याकडे पाणी ओढून घेतं, आणि 10 ते 30 मिनिटांत धडधड, घाम, मळमळ, पोटात मुरडा, जुलाब. याला डम्पिंग म्हणतात. स्लीव्हमध्ये ते दार शाबूत असतं म्हणून त्रास कमी, पण होत नाही असं नाही. हा पहिला प्रकार माणसाला एकदाच शिकवून जातो. उन्हाळ्यात रसवंतीवर एक ग्लास उसाचा रस घेतलेला माणूस पुन्हा त्या रस्त्याने जात नाही.

दुसरा प्रकार लबाड आहे. तो बहुधा वर्ष उलटल्यावर येतो आणि खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी गाठतो. साखर झपाट्याने चढते, आतड्यातली संप्रेरकं स्वादुपिंडाला हाकारतात, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि साखर घसरून 70 च्या खाली जाते. हातपाय कापतात, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, माणूस बरळतो. आता कल्पना करा, मे महिना, पारा 45 च्या पुढे, सकाळी आलुबोंडा आणि गोड चहा घेऊन शेतात गेलेला माणूस 11 वाजता धुऱ्यावर बसकण मारतो. सगळे म्हणतात, ऊन लागलं. त्याला साखरपाणी पाजतात, त्याला बरं वाटतं, आणि निदान पक्कं होतं. दोन तासांनी पुन्हा तेच, कारण त्या साखरेनेच पुढच्या घसरणीची तयारी केलेली असते. असा माणूस दिवसभर गोड घेत राहतो आणि वजनही वाढवून बसतो. उष्माघात इथे खरोखरच होतो, म्हणून शंका आली तर अंग तापलं आहे का बघा आणि बोटाची साखर मोजा. साखर खाली गेली असेल तर दोन-तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, माणूस शुद्धीवर असेल तरच. सावरल्यावर मूठभर फुटाणे किंवा वाटीभर दही. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता रुग्णालय. आणि दुसऱ्या दिवशी उपचार ताटावर: न्याहरीला आलुबोंड्याऐवजी मुगाचं धिरडं, चहा बिनसाखरेचा. उन्हात घोट-घोट ताक, मीठ घातलेलं. मधुमेहाच्या जुन्या गोळ्या अजून चालू असतील तर त्या डॉक्टरांकडून आधी तपासून घ्याव्यात.

उपवासाचं बोलल्याशिवाय ही सभा मला सोडणार नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, प्रथिनं नावालाही नाहीत, आणि नव्या पोटात तो चिकटून बसतो. ज्यांना एकादशी सोडवत नाही त्यांनी राजगिरा, दही, दूध, थोडे दाणे यांवर ती करावी. पहिल्या वर्षी उपवास करूच नये असं माझं मत आहे, आणि मी ते मंदिराच्या पायरीवरही सांगेन. पोळ्याची पुरणपोळी? वर्षानंतर, जेवणाच्या शेवटी, चतकोर, तुपासह. गूळ किंवा साखर कमी घालून पुरणात डाळ वाढवली तर उत्तम. बायपास झालेल्याने आधी दोनच घास घेऊन बघावेत. सणाला ताटाबाहेर बसवलेला माणूस रात्री डबा उघडतो, तेव्हा दोन घास सगळ्यांसमोर खाल्लेले बरे.

आपण सगळेच धान्यावर फार अवलंबून आहोत. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात एकूण उष्मांकांपैकी धान्यांचा वाटा 45 टक्क्यांपर्यंतच असावा असं म्हटलं आहे. आपल्या बहुतेक ताटांत तो याहून बराच जास्त असतो. तेव्हा ऑपरेशन झालेल्या माणसासाठी वेगळं ताट वाढण्यापेक्षा घरातली डाळ सगळ्यांसाठीच घट्ट केली, तर बिघडत काही नाही. त्या घरातल्या मुलांनाही याचा उपयोग आहे, कारण लठ्ठपणा घरातल्या एकाच माणसाला क्वचित होतो.

शेवटी दोन विनंत्या. इथे बसलेल्या परिसरातल्या डॉक्टरांना: बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया झालेला रुग्ण उलट्या घेऊन आला तर ग्लुकोज लावण्याआधी थायमिन द्या, आणि तोल किंवा दृष्टी बिघडली असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवा. आणि ज्यांचं ऑपरेशन झालं आहे त्यांना: कोणतं ऑपरेशन, कधी आणि कुठे झालं, हे एका कागदावर मराठीत लिहून खिशात ठेवा, 'ग्लुकोजआधी बी-1' हे शब्द त्यावर ठळक लिहा, आणि तो कागद कुठे असतो ते घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.